फूल की भोवरा? हरणाच्या शिकारीसाठी पंप बंदूक आणि तिची नळी निवडताना

ऑक्टोबर लागला आणि मक्याची कापणी सुरू झाली की ओळखीतल्या मराठी घरांतून मला एक-दोन फोन हमखास येतात. ऑफिसातल्या मित्रांनी थंडीत हरणाच्या शिकारीला चल म्हटलेलं असतं, हंटर एज्युकेशनचा कोर्स नुकताच झालेला असतो आणि प्रश्न एकच असतो, "दादा, बंदूक कुठली घेऊ?" मी उलट विचारतो, काडतूस कुठलं घालणार आहेस? समोरच्याला वाटतं मी विषय टाळतोय. पण अमेरिकेतल्या ओहायो राज्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. बंदुकीचं नाव शेवटी ठरवायचं. आधी नळी आणि काडतूस यांची जोडी जमली पाहिजे. ती जमली नाही, तर महागातली महाग बंदूकही जनावराला जखमी करून सोडते, आणि त्याहून वाईट काही नाही.

भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. इथली गोष्ट वेगळी आहे. १९०४ च्या सुमारास ओहायोतून पांढऱ्या शेपटीचं हरीण जवळपास नाहीसं झालं होतं. पुढे ते जपलं गेलं, वाढलं, १९४३ मध्ये तीन काउंट्यांत, म्हणजे इथल्या जिल्ह्यांत, शिकारीचा मोसम पुन्हा सुरू झाला आणि आज ८८ च्या ८८ काउंट्यांत त्याची परवान्याने शिकार होते. लांडगा आणि डोंगरी सिंह इथून कधीच गेले, त्यामुळे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचं काम शिकाऱ्यांकडे आलं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. म्हणजे काडतुसाचं पाकीट घेतलं की जंगलासाठी थोडे पैसे आपोआप बाजूला पडतात.

रायफल सोडून शॉटगन का?

हरीण म्हटलं की रायफल डोळ्यासमोर येते. मिडवेस्टात मात्र पिढ्यानपिढ्या शॉटगनच, म्हणजे एरवी छर्ऱ्यांसाठी वापरतात ती बंदूक, चालत आली. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, मिशिगनचा दक्षिण भाग हा सगळा सपाट मुलूख. दर अर्ध्या मैलावर एखादं घर, कोठार, शाळेची बस. रायफलची गोळी चुकली तर कित्येक फर्लांग जाते, म्हणून या राज्यांनी हरणासाठी शॉटगनचीच सक्ती केली होती. शॉटगनचा स्लग, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी घातलेला शिशाचा एकच जड, बोथट तुकडा, वेग लवकर गमावतो हा त्यामागचा विचार.

पण या विचाराला एक मोठी पुरवणी आहे. पेनसिल्व्हेनियाने २००७ मध्ये याचा अभ्यास करून घेतला. बार जमिनीला जवळपास समांतर काढला, तर शॉटगनचा स्लग जमिनीवर आपटून, उसळी मारून रायफलच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकतो, असं त्यात दिसलं. स्लग जड असतो, फुटत नाही, तळ्यात भिरकावलेल्या चपट्या दगडासारखा टप्पे घेतो. म्हणून "शॉटगनच तर आहे" म्हणून कुणी गाफील राहू नये. हरणाच्या मागे मातीचा चढ किंवा उतार दिसत नसेल, तर बार काढायचा नाही.

नियमही आता सैल झालेत. ओहायो आणि मिशिगनने २०१४ पासून सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाकडे बाटलीसारख्या निमुळत्या न होणाऱ्या काडतुसांच्या रायफली चालू केल्या, आयोवाने २०१७ मध्ये तेच केलं आणि इलिनॉयने २०२३ मध्ये फक्त एकबारी, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरायच्या रायफलींना परवानगी दिली. मग अजूनही पंप शॉटगन, म्हणजे हाताने मूठ सरकवून चालवायची शॉटगन, कशाला? कारण एकाच बंदुकीला दोन नळ्या लावता येतात. एका नळीने वसंतात टर्की, शरदात बदक, आणि दुसरीने डिसेंबरात हरीण. पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्या घराला हा हिशेब परवडतो. फक्त हरणासाठीच बंदूक घ्यायची असेल आणि तुमच्या राज्यात चालत असेल, तर .३५० लेजंड किंवा .४५० बुशमास्टर अशा सरळ भिंतीच्या काडतुसाची साधी रायफल जास्त सोपी पडेल, हे मी मोकळेपणाने सांगतो. हा लेख दोन नळ्यांची बंदूक हवी असणाऱ्यांसाठी आहे.

बारा लाडू, वीस लाडू

आमच्या संगमेश्वराकडच्या घरी आजोबांची पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती. रानडुकरं भातात शिरायची म्हणून. सगळे तिला 'बारा बोर' म्हणायचे आणि खडकीच्या कारखान्याची काडतुसं कपाटात वरच्या फळीवर कुलपात असायची. बारा म्हणजे काय, हे मला अमेरिकेत येईपर्यंत माहीत नव्हतं.

पाउंडभर शिसं घ्या आणि त्याचे बारा सारखे लाडू वळा. त्यातला एक लाडू ज्या नळीत नेमका बसेल, ती बारा गेज. त्याच पाउंडाचे वीस लाडू वळले तर प्रत्येक लाडू लहान होणार, ती वीस गेज. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. बाराचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर, विसाचा १५.६.

पक्ष्यासाठी त्या काडतुसात छर्रे असतात. हरणासाठी छर्ऱ्यांच्या जागी शिशाचा एकच तुकडा घालतात, तो स्लग. बारा गेजमध्ये त्याचं नेहमीचं वजन एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम. जुन्या तोळ्याच्या हिशेबाने जवळपास अडीच तोळे. हरणासाठीच्या नेहमीच्या रायफलची गोळी तोळाभराच्या आतबाहेर असते. अडीच तोळे शिसं सेकंदाला सोळाशे फुटांच्या वेगाने सुटतं, तेव्हा खांद्यालाही ते कळतं.

जाड छर्ऱ्यांनी, आपल्याकडच्या एलजी-एसजीसारख्या काडतुसांनी, हरीण मारायचं का? ओहायोत ते बेकायदा आहे. तिथे हरणासाठी एका काडतुसात एकच गोळी किंवा स्लग लागतो. जिथे चालतं तिथेही मी करणार नाही. छर्रे पसरतात, दोन-चारच लागतात आणि हरीण जखमी होऊन निघून जातं.

फूल आणि भोवरा

आता खरा मुद्दा. हवेत सुटलेला कुठलाही लांबट तुकडा कोलांट्या घ्यायला बघतो. कोलांटी घेतली की नेम गेला. तुकडा सरळ ठेवायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही आपण लहानपणी खेळलोय.

पहिला बॅडमिंटनच्या फुलाचा. फूल कसंही मारा, बुचाची जड बाजू पुढे होते आणि पिसं मागून ओढ देतात. कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये तयार केलेला स्लग याच तत्त्वावर चालतो. पुढून भरीव, मागून पोकळ, म्हणजे सगळं वजन नाकाशी. त्याआधी १८९८ मध्ये जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेके यांनी स्लगच्या मागे हलका डाट जोडून तेच साधलं होतं. या फुलांना गुळगुळीत नळी लागते.

दुसरा मार्ग भोवऱ्याचा. भोवरा फिरतोय तोवर ताठ उभा. नळीच्या आतल्या भिंतीवर पीळ देऊन चऱ्या पाडल्या की त्यातून जाणारी गोळी फिरत बाहेर पडते. ही पीळदार नळी, इथल्या भाषेत रायफल्ड बॅरल. रेमिंग्टनच्या नळीत ३५ इंचांत एक फेरा असा पीळ असतो, मॉसबर्गच्या नळीत ३६ इंचांत. नळी २४ इंचांची, म्हणजे आत पूर्ण फेराही होत नाही. पण दीड हजार फुटांच्या वेगाला हिशेब केला, तर गोळी मिनिटाला सुमारे तीस हजार फेऱ्यांच्या गतीने फिरत सुटते. या नळीसाठी सेबो स्लग असतो. नळीपेक्षा बारीक, निमुळती गोळी आणि तिच्या अंगावर प्लॅस्टिकचा अंगरखा. अंगरखा पीळ पकडतो, गोळीला फिरवतो आणि नळीबाहेर पडल्यावर गळून पडतो. बार काढल्यावर गवतात त्या प्लॅस्टिकच्या पाकळ्या सापडतात.

थोडक्यात, गुळगुळीत नळीत फूल आणि पीळदार नळीत भोवरा. अदलाबदल करायची नाही.

अडचण अशी की दुकानातली भाषा नेमकी उलट बोलते. फॉस्टर जातीच्या पाकिटावर 'रायफल्ड स्लग' असं छापलेलं असतं, कारण स्लगच्या अंगावर तिरप्या चऱ्या असतात. त्या चऱ्यांनी तो फारसा फिरत नाही. नळीच्या तोंडाशी, जिथे तोंड आवळणारा चोक असतो तिथे, अंग चोरून सुटता यावं म्हणून त्या आहेत. पण नवखा माणूस वाचतो 'रायफल्ड' आणि समजतो की हे रायफल्ड नळीसाठीच. तसं नाही. रायफल्ड स्लग गुळगुळीत नळीसाठी, सेबो स्लग रायफल्ड नळीसाठी. हे वाक्य कागदावर लिहून खिशात ठेवून दुकानात जा.

मी हे पैसे आणि वेळ घालवून शिकलो. पहिल्या वर्षी माझ्याकडे २८ इंची गुळगुळीत नळीची, पक्ष्यांची बंदूक होती. दुकानात मी हरणासाठी चांगल्यातलं चांगलं काडतूस मागितलं, काउंटरवरच्या माणसाने सेबोची तीन पाकिटं दिली आणि नळी कुठली आहे हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रेंजवर ५० यार्डांवर कागद लावला. पहिला बार कागदावर लागलाच नाही. दुसरा डाव्या कोपऱ्यात. तिसरा खाली, आणि ते भोक गोल नव्हतं. शिशाचा तुकडा आडवा होऊन घुसला होता आणि कागदात चक्क बाजूने बघितल्यासारखी त्याची आकृती कापली गेली होती, कुलपाच्या भोकासारखी. शेजारच्या बाकावरचे एक म्हातारे शिकारी उठून आले, त्यांनी त्या भोकावर करंगळी ठेवली आणि म्हणाले, नळीत डोकावून बघ, पीळ आहे का? पीळ नव्हता. त्यांनी त्यांच्याकडचे पाच साधे फॉस्टर स्लग दिले. त्याच बंदुकीतून, त्याच बाकावरून, चार बार हाताच्या पंजाएवढ्या जागेत बसले. ते स्लग माझ्या सेबोच्या तिसऱ्या हिश्श्याने स्वस्त होते. सेबोच्या उरलेल्या गोळ्या मी दोन वर्षं जपून ठेवल्या, पीळदार नळी घेईपर्यंत.

उलटं केलं, म्हणजे पीळदार नळीत फॉस्टर घातला, तर लगेच अनर्थ होत नाही. पण मऊ शिसं चऱ्यांत भरत जातं, नेम हळूहळू ढळतो आणि ते शिसं घासून काढताना एक अख्खा रविवार जातो.

मग तुमची नळी कुठली?

यार्डांचा अंदाज आपल्याला क्रिकेटवरून चटकन येतो. खेळपट्टी २२ यार्ड. आतलं वर्तुळ ३० यार्डांचं. सीमारेषा ७०-७५ च्या पुढेमागे. दाट झाडीत, ओढ्याकाठी मचाण बांधून बसणार असाल तर हरीण बहुधा त्या आतल्या वर्तुळातच येतं. तिथे गुळगुळीत नळी आणि फॉस्टर पुष्कळ झालं. चोक मात्र इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचा, म्हणजे तोंड थोडंसंच आवळणारा, किंवा अजिबात न आवळणारा सरळ सिलिंडरचा लावा. टर्कीसाठी तोंड फार आवळणारा फुल चोक लावलेला असतो, त्यातून स्लग मारू नका.

गुळगुळीत नळीची मर्यादा बहुतेक वेळा स्लगपेक्षा नजरेची असते. नळीच्या टोकावर फक्त एक मणी असतो, आपण त्याला माशी म्हणतो. ती तीन-एक मिलिमीटरची माशी शंभर यार्डांवर हरणाच्या छातीचा मोठा भाग झाकून टाकते. जे दिसतच नाही त्यावर नेम कसा धरणार? नुसत्या माशीने ५० यार्डांपुढे जाऊ नये असं माझं म्हणणं. रायफलसारखी मागची खाच आणि पुढची माशी असलेली गुळगुळीत नळी मिळते, तिच्यावर ७५ पर्यंत जाता येतं. ५० यार्डांवर जुळवलेला फॉस्टर स्लग १०० वर साधारण पाच-सहा इंच खाली जातो आणि तिथवर त्याचा वेग हजार फुटांच्या आसपास उतरलेला असतो.

कापलेल्या मक्याच्या किंवा सोयाबीनच्या शेताच्या कडेला बसणार असाल तर पीळदार नळी घ्या, त्यावर साधा, कमी ताकदीचा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावा आणि सेबो वापरा. चांगली जोडी जमली तर सव्वाशे यार्ड हा प्रामाणिक पल्ला आहे, काहींचा दीडशेपर्यंत जातो. पीळदार नळीतून छर्ऱ्यांचं काडतूस मारू नका. छर्रेही फिरत सुटतात आणि मध्ये भोक पडलेल्या वड्यासारखे गोल पसरतात. म्हणूनच पक्ष्यांसाठी दुसरी नळी लागते.

तीन बंदुका, दोन मिनिटांत बदलणारी नळी

पंप बंदुकीचं यंत्र सरळ आहे. नळीखाली सरकणारी मूठ असते. ती मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की खालच्या नळीतलं नवं काडतूस वर येऊन बसतं. हाताच्या जोरावर चालणारी यंत्रणा, म्हणून थंडीत, चिखलात, ओल्या पानांत ती दगा देत नाही. नवखे लोक मूठ अर्धवट ओढतात आणि काडतूस अडकतं. ती थांबेपर्यंत मागे, थांबेपर्यंत पुढे, असं ठामपणे करायचं.

नावं दोनच डोळ्यांसमोर ठेवली तरी चालतील. रेमिंग्टन ८७० ही १९५० पासूनची, पोलादी शरीराची, जड आणि सुळसुळीत चालणारी. मॉसबर्ग ५०० ही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची, ॲल्युमिनियमच्या शरीराची, हलकी, हलवली तर थोडी खुळखुळते. दोन्ही लाखांनी खपल्या, त्यामुळे जुन्या नळ्या आणि सुटे भाग सहज मिळतात. माझं मत मॉसबर्गकडे झुकतं आणि त्याचं कारण सेफ्टी, म्हणजे चाप अडवून ठेवणारी कळ. मॉसबर्गची सेफ्टी वर, बंदुकीच्या शरीराच्या मागच्या टोकाला, अंगठ्याखाली असते. पुढे ढकलली की लाल ठिपका दिसतो, म्हणजे चाप मोकळा. जाड हातमोजे असले, माणूस डावखुरा असला तरी फरक पडत नाही. ८७० ची सेफ्टी चापाच्या मागे आडवं बटण आहे, उजव्या हाताच्या माणसासाठी ठेवलेलं. शिवाय मॉसबर्गची एक जोडी तयार मिळते, २८ इंची पक्ष्यांची नळी आणि २४ इंची पीळदार नळी एकाच खोक्यात. पहिल्या खरेदीला याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

तिसरी इथाका ३७. हिचं रिकामं काडतूस खालून पडतं, म्हणून डावखुऱ्यांची लाडकी. खास स्लगसाठी बनवलेली 'डीअरस्लेयर' नळी इथाकाने १९५९ मध्ये आणली. कंपनी न्यूयॉर्कमधली, पुढे आमच्या ओहायोत अप्पर सँडस्कीला आली. जुनी कुणी विकत असेल तर जरूर बघा.

बारा की वीस? आपल्या बांध्याच्या माणसाला, आणि विशेषतः ज्यांची उंची साडेपाच फुटांच्या आत आहे त्यांना, मी वीस गेज सुचवतो. बारा गेजच्या स्लगचा धक्का .३०-०६ रायफलपेक्षाही जोराचा असतो. दहा बारांनंतर डोळे आपोआप मिटायला लागतात आणि एकदा ती सवय लागली की सुटता सुटत नाही. आजचे वीस गेजचे सेबो शंभर यार्डांवर हरणाला पुरेसे आहेत. दस्त्याची लांबीही बघा. नेहमीचा दस्ता खांद्यापासून चापापर्यंत १४ इंचांच्या आसपास असतो. माझ्या बायकोला तो खांद्यात न बसता दंडावर बसायचा. तिच्यासाठी आखूड दस्त्याची वीस गेज घेतली आणि तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला बसू लागला.

नळी वेगळी विकत घेताना दोन धोके. एक, मॉसबर्ग ५०० ची नळी मॉसबर्गच्याच ८३५ या दुसऱ्या बंदुकीला बसत नाही. आणि ८३५ ची पक्ष्यांची नळी आतून मुद्दाम रुंद केलेली असते. तिच्यातून स्लग मारू नका, कंपनीचीच तशी ताकीद आहे. त्या बंदुकीला हरणासाठी तिची वेगळी पीळदार नळी लागते. दोन, नळीवर चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी कोरलेली असते. तीन इंचांच्या चेंबरमध्ये पावणेतीन इंची काडतूस चालतं, उलटं कधीच नाही. आणि हरणाला पावणेतीन इंची पुरतं, तीन इंची घेऊन फक्त खांदा जास्त दुखतो.

स्कोप कशावर बसवायचा हा प्रश्न लहान वाटतो, पण नेम तिथेच बिघडतो. काढता-घालता येणारी नळी बंदुकीच्या शरीरात केसभर हलतेच. स्कोप शरीरावर बसवला आणि नळी हलली, तर दोघं वेगवेगळीकडे बघणार. म्हणून कॅंटिलिव्हर नळी घ्या. तिच्यावर स्कोपचा पाट नळीलाच जोडलेला असतो आणि तिथून मागे, शरीरावर तरंगत येतो. नळी काढली तर स्कोपही तिच्यासोबत निघतो.

दुकानात जायच्या आधी व्हिसा बघा

मराठी घरांत हा भाग सगळ्यात जास्त गैरसमजाचा आहे. ग्रीन कार्ड असेल तर इतर अटी पूर्ण झाल्यावर बंदूक घेता येते. एच-वन-बी, एच-फोर किंवा एफ-वनसारख्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणंसुद्धा सामान्यतः गुन्हा आहे. याला असलेल्या अपवादांपैकी एक म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणून क्रम असा, आधी हंटर एज्युकेशन, मग शिकार परवाना, मगच बंदुकीला हात. मित्राची बंदूक रेंजवर 'फक्त एकदा' चालवणंही यात येतं. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि बंदूक घरातच असते, हे लक्षात ठेवा. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ओहायोचे आणखी काही नियम. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं नकोत, त्यासाठी खालच्या नळीत एक खुंटी घालतात. अंगावर भगवं-नारिंगी जाकीट. खासगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतची वेळ. आणि नियम म्हणून नव्हे, माझा आग्रह म्हणून, घरी बंदूक रिकामी, कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. आजोबांच्या घरी होती तशीच.

कागदावर जुळवणी

मोसमाच्या महिनाभर आधी रेंजवर जा. वेगवेगळ्या बनावटीची दोन-तीन पाकिटं न्या, कारण प्रत्येक पीळदार नळीला एखादं काडतूस मानवतं आणि दुसरं मानवत नाही. एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी निघालेल्या दोन नळ्यांचीही आवड वेगळी असते. सेबो पाचाच्या पाकिटात येतात आणि एकेक बार तीन-चार डॉलरांचा किंवा जास्तच पडतो. तरी ही कंजूसी करायची जागा नाही.

आधी २५ यार्डांवर कागद लावा, म्हणजे निदान कागदावर लागेल. मग ५०, मग १००. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेका, तीन बार काढा, त्या तिघांचा मध्य बघून स्कोप फिरवा. एका बारावरून स्कोप फिरवायचा नाही. नळी हाताला गरम लागली तर थांबा. खांद्यावर गादी, कानांवर दोन थरांचं संरक्षण, आणि डोळा स्कोपपासून चांगला चार बोटं लांब.

त्यानंतर बाक सोडा. आठ इंची कागदी ताटली लावा, हरणाच्या काळीज-फुप्फुसाची जागा साधारण तेवढीच असते, आणि मचाणावर जसे बसाल तसे बसून मारा. ज्या अंतरावर पाचच्या पाच ताटलीत बसतात, ते तुमचं अंतर. काडतुसाच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो. माझ्या बंदुकीच्या दस्त्यावर आतल्या बाजूने चिकटपट्टी लावलेली आहे, तिच्यावर काळ्या शाईने ९० लिहिलंय. माझी नळी सव्वाशेची आहे, मी ९० चा आहे.

मचाणावर चढताना बंदूक रिकामी करून खाली ठेवा, स्वतः पट्टा बांधून वर जा आणि मग दोरीने ती वर ओढा. उंचावरून मारलेला बार खाली जातो आणि हरणाच्या मागच्या मातीत थांबतो, हा मचाणाचा मोठा फायदा. हरीण आडवं उभं राहीपर्यंत थांबा, पुढच्या पायाच्या लगेच मागे नेम धरा. बार लागल्यावरही ते शंभर पावलं धावू शकतं. अर्धा तास तिथेच बसून राहा, मग रक्ताच्या थेंबांचा माग काढा.

मोसम संपला की पीळदार नळीची सफाई नीट करा. सेबोचं प्लॅस्टिक चऱ्यांत वितळून चिकटतं आणि ते नुसत्या तेलाने निघत नाही, त्याला प्लॅस्टिकचं द्रावण आणि पितळी ब्रश लागतो. पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईपर्यंत घासायचं. मग ती नळी स्कोपसकट कापडात गुंडाळून ठेवायची आणि टर्कीसाठी दुसरी चढवायची. मॉसबर्गला नळीचाच स्क्रू फिरवावा लागतो, रेमिंग्टनला पुढची टोपी. पुढच्या ऑक्टोबरात पीळदार नळी परत चढवाल, तेव्हा कॅंटिलिव्हर असली तरी तीन बार कागदावर मारून बघायचेच.